मापाडी

बार्शीच्या बाजार समितीत एक मापाडी होता. धान्य मोजायला बसला की पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन. पोतं काट्यावर चढलं की वजन असं खणखणीत सांगे की पार बैलगाडीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही ऐकू जावं. आडत्या वैतागायचा. म्हणायचा, "अरे, चिठ्ठीवर लिहितोयस ना? मग घसा कशाला फोडतोस?" मापाडी म्हणे, "चिठ्ठी तुमच्या हातात राहती, मालक."

त्या मापाड्याचा मुलगा रास अल खोरला एका गोदामात कामाला होता. तिथे त्याला सगळे नाना म्हणत. गोष्टीतल्या बाकीच्यांनाही मी नावं देत नाही. अशी गोदामं आणि अशी माणसं तिकडे पुष्कळ असतील. उगाच कुणाला आपल्यावर बेतलंय असं वाटायला नको.

दुबईची खाडी आत शिरत शिरत पूर्वी जिथे संपायची ते रास अल खोर. एका अंगाला पाणथळ अभयारण्य आहे, 2007 पासून रामसर यादीत असलेलं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि मागे बुर्ज खलिफा दिसतो, म्हणून फोटो काढणाऱ्यांची गर्दी. दुसऱ्या अंगाला कुणी फोटो काढत नाही. तिकडे गॅरेजं, जुन्या गाड्यांचा बाजार, पत्र्याची गोदामं, आणि पुढे अवीरचा भाजीबाजार. शेठचं गोदाम याच अंगाला. न्हावाशेवाहून कंटेनर निघायचा, जेबेल अलीला उतरायचा आणि इथे रिकामा व्हायचा: भडंग, चकली, थालीपीठ भाजणी, कोकम सरबत, मेतकूट. दिवाळीच्या आधी दोन महिने गोदामात पाय ठेवायला जागा नसे.

नानाचं काम स्टिकरच्या टेबलावर. अमिरातीत बाहेरून आलेल्या खाद्यपदार्थावर अरबी मजकूर लागतोच, आणि छापील पाकिटावर तो नसेल तर स्टिकर लावावा लागतो. स्टिकर मूळ मजकुरावर चढता कामा नये. बनवल्याची आणि संपण्याची तारीख मात्र स्टिकरवर चालत नाही, ती पाकिटावरच छापलेली हवी. माल येण्याआधी लेबल बलदियाकडे, म्हणजे दुबईच्या महापालिकेकडे, नोंदवून घ्यावं लागतं. नानाला अरबी अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र यायचे, कारण मापाड्याच्या घरात आकडे कुठल्याही लिपीत असले तरी वाचावे लागतात, असं तो म्हणायचा.

लेबलांची कागदपत्रं शेठची पुतणी बघायची. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकून आलेली मुलगी. एकदा कोकम सरबताच्या लेबलाचं काम चाललेलं असताना तिने नानाला एक गंमत दाखवली होती. "नाना, एक ग्रॅम प्रथिनाच्या चार कॅलऱ्या, एक ग्रॅम कर्बोदकाच्या चार, आणि स्निग्धाच्या नऊ. तिन्ही गुणाकार करून बेरीज करायची. पाकिटावरचा ऊर्जेचा आकडा साधारण तेवढाच यायला हवा." नानाला हे इतकं आवडलं की जेवणाच्या सुट्टीत तो बिस्किटांचे पुडे तपासत बसू लागला. काही फरक निघायचे, पण थोडे. तंतू जास्त असले की ऊर्जा कमी भरते, हेही त्याला पुतणीने सांगून ठेवलं होतं.

2025च्या दिवाळीच्या हंगामात शेठने एक नवा माल धरला. राजगिरा, गूळ, खजूर आणि तूप यांचा लाडू. बनवणारा होता सोलापूर जिल्ह्यातला एक महिला बचत गट. पाऊच देखणा होता: हिरवा रंग, कोपऱ्यात पान, मधोमध हृदय आणि ठळक अक्षरांत 'शुगर फ्री डायबेटिक लाडू'. सॅम्पलची पेटी विमानाने आली. एका सुपरमार्केटने मधुमेहींच्या फळीसाठी 4000 पाकिटं तोंडी ठरवूनही टाकली होती. शेठ खुशीत होता. अमिरातीत मधुमेह घरोघरी, त्यात आपली माणसं बसून काम करणारी. हा लाडू चालणारच.

सॅम्पलची पेटी फुटली तेव्हा गेटवरचा केरळी वॉचमन तिथेच होता. सगळे त्याला चेट्टा म्हणत. त्याला साखरेचा आजार, खिशात गोळ्या. पाकीट उलटंसुलटं करून त्याने नानाला विचारलं, "नानाजी, ये मैं कितना खा सकता?"

साधा प्रश्न. पाकिटाने त्याचं उत्तर द्यायला हवं होतं, त्यासाठीच तर तो तक्ता छापलेला असतो. नानाने मागची बाजू वाचली: एक वाढणी 15 ग्रॅम. मग सवयीने लाडू काट्यावर ठेवला. 30 ग्रॅम भरला.

"अर्धा लाडू," नाना म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, "अर्धा लाडू कोण खातंय?"

एकदा काट्यावर हात गेला की मापाड्याचा पोरगा थांबत नाही. 100 ग्रॅमला प्रथिनं 6, कर्बोदकं 70, त्यात साखर 0, स्निग्ध 9, ऊर्जा 321. सहा चोक चोवीस, सत्तर चोक दोनशे ऐंशी, नवा नव्वे एक्याऐंशी. बेरीज 385. पाकीट म्हणत होतं 321. चौसष्ट कॅलऱ्या कुठे गेल्या?

चेट्टाच्या हातातलं पाकीट त्याने काढून घेतलं. "ठहरो, बाद में बताता." चेट्टा जरा नाराजच झाला.

पुतणीने कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. चौसष्टचा फरक तंतूंनी भरून काढायचा तर 100 ग्रॅम लाडवात 32 ग्रॅम तंतू हवेत. तेवढे गव्हाच्या कोंड्यात सापडतील, लाडवात नाही. पण तिची नजर दुसरीकडेच खिळली होती. घटकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गूळ होता, तिसऱ्यावर खजूर, आणि खाली तक्त्यात साखर शून्य. 'शुगर फ्री' म्हणायला 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. कोडेक्सचा नियम तसा आहे आणि भारताचाही. गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. खजुरातही निम्म्याहून जास्त.

शेठला बोलावलं. शेठ पुण्याचा. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच आलं. "अगं, गूळ आहे तो. साखर कुठंय?"

"काका, शरीराला तो फरक कळत नाही."

"लोकांना कळतो ना! लोक साखर सोडून गुळाचा चहा पितात."

"म्हणून तर बघायला हवं."

शेठचा हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. तो काही बदमाश माणूस नव्हता. कोकम सरबतातली साखर त्याला बरोबर मोजता यायची, कारण तिथे ती पैशात दिसायची. अमिरातीने गोड पेयांवरचा कर नव्या वर्षापासून 100 मिलिलिटरमध्ये साखर किती यावर ठरवायचं जाहीर केलं होतं, आणि शेठने बाटलीवाल्याच्या मागे लागून साखर उतरवायला लावली होती. लाडवावर असा कर नाही, म्हणून लाडवातली साखर दिसत नव्हती. आपल्या सगळ्यांचे डोळे साधारण असेच असतात.

त्याने बचत गटाच्या ताईंना फोन लावला. स्पीकर चालू. ताई आधी दुखावल्या. "साहेब, देवाशपथ सांगते, एक दाणा साखर घालत न्हाई आमी. गूळसुद्धा चांगला, काळा, बिनरसायनाचा."

"ते झालं ताई. पण हे आकडे कुणी काढले?" पुतणीने विचारलं.

थोडा वेळ नुसता मिक्सरचा आवाज. मग कळलं ते असं. प्रयोगशाळेत तपासणी करायची तर पैसे लागतात. पाऊच छापणाऱ्या मुलाने सांगितलं, 'शुगर फ्री' लाडवाचं एखादं मोठ्या दुकानातलं पाकीट आणा, तक्ता तसाच टाकू. लाडू तो लाडूच. ताईंनी पाकीट आणलं. आकडे उतरवले. वाढणीचे 15 ग्रॅमही तिथलेच, कारण त्या कंपनीचा लाडू होताच 15 ग्रॅमचा.

"सगळं जसंच्या तसं घेतलं?" नानाने विचारलं.

"व्हय. एक ओळ तेवढी गाळली. ते माल्टिटॉल का काय होतं, चाळीस ग्रॅम. आमी त्ये घालतच न्हाई, मग कशाला खोटं लिहायचं?"

पुतणीने पेन उचललं. माल्टिटॉल हे साखरेऐवजी वापरायचं गोडद्रव्य. त्याच्या एका ग्रॅमला चार नव्हे, 2.4 कॅलऱ्या धरतात. चाळीस ग्रॅमवर दर ग्रॅमला 1.6 कमी. चाळीस गुणिले 1.6, चौसष्ट. नानाचा हिशेब पैशाला पैसा जुळला.

मला या गोष्टीत सगळ्यात विलक्षण वाटते ती ही गाळलेली ओळ. खोटं लिहायचं नाही म्हणून ताईंनी ती काढली, आणि ती काढल्याने उरलेला तक्ता खोटा पडला. ताईंनी साखर घातली नाही हे खरं. पाऊच छापणाऱ्या पोराने आकडे बदलले नाहीत हेही खरं. शेठने जे आलं ते विश्वासाने घेतलं. तीन प्रामाणिक माणसांच्या हातातून जाऊन पाकीट मात्र चेट्टाला सांगत होतं की यात साखर शून्य आहे.

मोठ्यांच्या बाबतीत असा भोळेपणा धरून चालता येत नाही. 2015 साली मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हा शिशाची चर्चा जास्त झाली, पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा एक आक्षेप पाकिटावरच्या 'नो ॲडेड एमएसजी' या शब्दांवर होता. आम्ही वरून घातलं नाही असं कंपनी म्हणत होती. पण वाचणारी आई त्याचा अर्थ 'यात ते नाही' असाच घेणार. मुंबई उच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमध्ये बंदी उठवली, माल पुन्हा तपासायला लावला. ते शब्द काढायचं कंपनीने आधीच कबूल केलं होतं. 2024च्या जूनमध्ये त्याच प्राधिकरणाने '100 टक्के फळांचा रस' हे शब्द काढायला सांगितले, कारण आत पाणी मिसळून पूर्ववत केलेला रस होता. प्रत्येक वेळी कंपनीकडे आपल्या शब्दांचा बचाव असतो. तो वकिलाला पुरतो, भूक लागलेल्या माणसाला पुरत नाही.

शेठने त्या रात्री बराच विचार केला असावा. सकाळी आला तो तोडगा घेऊनच. 'शुगर फ्री' काढू, 'डायबेटिक' काढू, तक्ता खरा टाकू. मागे. छोट्या अक्षरांत. नियमात बसेल तेवढ्या. पुढे पान आणि हृदय राहू दे.

पुतणीला ते पटण्यासारखं वाटलं. नियम पाळला जात होता. बोलला तो नाना.

"शेठ, माझा आजा सांगायचा. त्याच्या तरुणपणी बाजारात भाव रुमालाखाली व्हायचा. आडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर रुमाल. बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल त्यो शेतकरी शेजारीच उभा, पन त्याला रुमाल दिसायचा, बोटं न्हाईत. कुणी चोरून करत नव्हतं बघा. सगळ्यांच्या डोळ्यांम्होरं व्हायचं."

"ते बंद झालं ना पण."

"कायद्यानं झालं." 1939 साली मुंबई इलाख्यात बाजार समित्यांचा कायदा आला, आणि पुढे समित्यांत लिलाव उघड्यावर करायचा नियम झाला; नानाला साल माहीत नव्हतं, गोष्ट माहीत होती. "आता बोला, हे मागं बारीक अक्षरात लिहायचं आनि म्होरं पान काढायचं, ह्यो रुमालच झाला का न्हाई? चेट्टाला चष्मा लावूनसुद्धा त्ये वाचता येत न्हाई."

"मग काय, पाकिटावर ओरडू?"

"व्हय."

शेठ हसला, मग गप्प झाला. पुतणीने तेवढ्यात सांगून टाकलं की हे काही नानाच्या डोक्यातलं खूळ नाही. चिलीने 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर पुढच्याच बाजूला काळे अष्टकोन लावायला लावले. अबू धाबीत 2025च्या जूनपासून काही प्रकारच्या पदार्थांना पुढे 'ए' ते 'ई' अशी श्रेणी छापावी लागत होती. भारतात 2022 साली ताऱ्यांच्या पद्धतीचा मसुदा निघाला, त्यावर वाद झाला, तारे असावेत की इशारा यावर तज्ज्ञ आणि कंपन्या भांडत राहिल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. (ताऱ्यांबद्दल माझं मत पुतणीसारखंच आहे: वाईट मालालाही अर्धा तारा मिळतो, आणि तारा म्हटलं की माणसाला बक्षीसच आठवतं.) दुबईत लाडवाच्या पुढच्या बाजूवर असं काही सक्तीचं नव्हतं. म्हणजे शेठने लिहिलं असतं तर ते त्याच्या मर्जीने लिहिलं असतं. व्यापाऱ्याला हेच तर सगळ्यात जड जातं.

पुतणीने ताईंकडून पाककृती वजनासकट मागवली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून हिशेब मांडला. नंतर एका प्रयोगशाळेतून तपासूनही घेतलं. प्रथिनं 5, कर्बोदकं 72, त्यात साखर 45, स्निग्ध 10, ऊर्जा 398. एका लाडवात साडेतेरा ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ साडेतीन चमचे. पुढच्या बाजूला अरबी, इंग्रजी आणि मराठीत एकच ओळ गेली: 'एक लाडू 30 ग्रॅम. त्यात साखर साडेतेरा ग्रॅम, गूळ आणि खजुराची.' पान काढलं. हृदय ताईंच्या आग्रहाखातर राहणार होतं. पुतणीने तेही काढलं.

याची किंमत पडली. 5000 हिरवे पाऊच आधीच छापून झाले होते. शेठ म्हणाला, अर्धा खर्च माझा. उरलेला त्याने ताईंच्या पुढच्या तीन बिलांतून कापला, एक रुपया सोडला नाही. सुपरमार्केटच्या खरेदीवाल्याने नवा नमुना बघितला आणि 4000 पाकिटांचं तोंडी ठरलेलं तोंडीच मोडलं. मधुमेहींच्या फळीवर त्याला 'साखर साडेतेरा' नको होतं. त्याच फळीवर मग गुळाचंच दुसरं काहीतरी लागलं. हिरव्याच पाकिटात. शेठने ते विकत आणून नानाच्या टेबलावर आपटलं. "बघ, हे विकतंय!" नानाने ते काट्यावर ठेवलं आणि गुणाकार करू लागला.

शेठचा लाडू करामा आणि बर दुबईच्या किराणा दुकानांतून गेला, साधा लाडू म्हणून. गटाच्या बायकांनी 1500 पाकिटं भरली. काही गिऱ्हाइकांनी ओळ वाचून पाकीट परत ठेवलं, असं दुकानदार सांगायचे. काहींनी वाचूनच घेतलं, कारण दिवाळी होती आणि दिवाळीत गोड खायचंच असतं, किती ते कळलं म्हणजे झालं. एका दुकानदाराने विचारलं, "इतकं खरं लिहायची काय गरज होती?" शेठने त्याला उत्तर दिलं नाही. नव्या भडंगाच्या लेबलावर वाढणी किती धरायची हे मात्र त्याने पुतणीला आपणहून विचारलं.

चेट्टाला नानाने उत्तर देऊन टाकलं होतं: एक लाडू, आणि त्या दिवशी भात कमी. डॉक्टरांना विचारून. चेट्टा म्हणाला, असं असेल तर भातच बरा, आणि उरलेल्या सॅम्पलांकडे पुन्हा वळून पाहिलं नाही.

दिवाळी झाल्यावर ताईंचा फोन आला तो थेट नानाला. आवाजात रुसवा होताच, बिलातून कापलेल्या पैशांचा विषय दोनदा निघाला. मग खरं काम निघालं. गट आता चिवडा पाठवणार होता. तपासणी या वेळी त्यांनी आधीच करून घेतली होती, पैसे वर्गणीने काढून.

"नाना, ह्यात सोडियम लिवलंय. शंभर ग्रॅमला 720 मिलिग्रॅम. आमच्या बायका म्हनतात सोडियम काय कुनाला कळायचं न्हाई. मिठात सांगा."

"अडीचनं गुणा."

पलीकडे पाटी-पेन्सिलीचा वाटावा असा आवाज. "अठराशे. म्हंजे पावणेदोन ग्रॅमच्या वर मीठ. शंभराला."

"एक पूर्णांक आठ. पाकीट केवढं?"

"दोनशेचं. मग म्होरं काय लिवू? वाढणी तीस ग्रॅम धरतात म्हनं सगळे."

"तुमच्याकडं दोनशेचं पाकीट किती जणांत सरतं, ताई?"

ताईंनी थोडा विचार केला. "आमचे हे चहासंगं एकलेच सरवतात."

"मग अख्ख्या पाकिटाचं लिवा," नाना म्हणाला. "तीन पूर्णांक सहा. आनि आकडा मोठा काढा."